करपलेलं, भाजलेलं आणि धूर : डब्याच्या स्वयंपाकघरातल्या नोंदी

१८ नोव्हेंबर २०२४

जळगावात आमच्या घरून रोज साधारण पन्नास डबे जातात. भाकरी नाहीतर पोळी, एक सुकी भाजी, रस्सा किंवा आमटी, भात. हिवाळ्यात भरिताच्या ऑर्डरी वेगळ्या. दिवाळीनंतर डबा घेणाऱ्यांपैकी दोघा-तिघांनी एकच गोष्ट विचारली : भाकरीवरचे काळे डाग आणि भरितातले जळके कण पोटात गेले तर कॅन्सर होतो का? एका काकांनी तर भाकरी बंदच करायला सांगितली. "काही होत नाही हो" म्हणून विषय मिटवणं मला पटेना. लोक विश्वासाने आपल्या हातचं रोज खातात, तर उत्तरही नीट द्यायला हवं.

म्हणून हे काम हाती घेतलंय. आपल्याकडे काय करपतं, का करपतं, त्यातलं काय खरोखर टाळायला हवं आणि त्याला खर्च किती, हे लिहून ठेवणार आहे. खानावळ, मेस किंवा बचत गटाचं स्वयंपाकघर चालवणाऱ्यांना उपयोगी पडावं.

सुरुवात म्हणून ओट्याच्या कोपऱ्यात रिकामी परात ठेवली. जे काळं होईल ते फेकायचं नाही, खायचंही नाही, परातीत टाकायचं. आठवडाभर.

२५ नोव्हेंबर

परातीत सगळ्यात जास्त काय साठलं? भाकरीच्या घाण्यातल्या पहिल्या भाकऱ्या. त्याखालोखाल बटाट्याच्या काचऱ्यांचा कढईला चिकटलेला थर, आणि काळ्या मसाल्यासाठी भाजताना जळलेलं सुकं खोबरं. भात, आमटी लागण्याचं प्रमाण अगदी किरकोळ.

पण सुरुवातीचे दोन दिवस परात जवळजवळ रिकामीच होती. आमच्याकडे भाकऱ्या करणाऱ्या मावशी करपलेल्या भाकऱ्या सवयीने बाजूला काढून स्वतःच्या ताटात घेत होत्या. आई, म्हणजे माझ्या सासूबाई, तेच करतात आणि मीही. चांगली भाकरी डब्यात जाते, करपलेली घरातल्या बायका खातात. डबा घेणाऱ्याच्या वाट्याला अधूनमधून एखादा काळा डाग येत असेल. आम्ही तिघी वर्षानुवर्षं रोज तेच खातोय. काकांनी विचारलेला प्रश्न त्यांच्यापेक्षा आम्हाला जास्त लागू आहे, हे या परातीमुळे समोर आलं. आईंना हे दाखवलं तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, अन्न टाकवत नाही." ते खरंच आहे. म्हणजे करपलेलं फेका असं सांगून भागणार नाही, करपणंच कमी करायला हवं.

२७ नोव्हेंबर

ओळखीच्या एक ताई अन्नतंत्रज्ञान शिकवतात. त्यांच्याशी बोलून आणि वाचून जेवढं कामाचं निघालं तेवढंच इथे.

करपलेल्या प्रत्येक गोष्टीत एकच विष असतं असं नाही. पिठाच्या आणि बटाट्याच्या पदार्थांत अॅक्रिलामाइड तयार होतं. बटाट्यात आणि धान्यात अॅस्परजिन नावाचं अमिनो आम्ल असतं. ते आणि साखर १२० अंशांच्या वर एकत्र तापले की हे होतं. वाफवलेल्या, उकडलेल्या पदार्थांत जवळपास होतच नाही. हे सापडलं तेही आडवाटेने. १९९७ मध्ये स्वीडनमध्ये हालांडसोस नावाच्या डोंगरात रेल्वेचा बोगदा खणताना गळती थांबवायला वापरलेलं रसायन ओढ्यात उतरलं. मासे मेले, गाई लुळ्या पडल्या. कामगारांच्या रक्तात अॅक्रिलामाइडच्या खुणा मिळाल्या. पण तुलनेसाठी ज्यांचं रक्त घेतलं होतं, ज्यांचा बोगद्याशी काही संबंध नव्हता, त्यांच्याही रक्तात त्या निघाल्या. ते कुठून आलं याचा माग काढता काढता शास्त्रज्ञ तळलेल्या-भाजलेल्या खाण्यापर्यंत पोचले आणि एप्रिल २००२ मध्ये त्यांनी ते जाहीर केलं.

मांस-मासे जास्त आचेवर भाजले की वेगळी रसायनं होतात. त्यांना मांसातलं क्रिएटिन नावाचं द्रव्य लागतं, म्हणून भाकरीत किंवा वांग्यात ती होत नाहीत. तिसरा गट धुराचा. चरबी निखाऱ्यावर गळून पेटते, त्या धुरात बेंझोपायरीनसारखी द्रव्यं असतात आणि ती अन्नावर बसतात. बेंझोपायरीन माणसात कर्करोग घडवतं, यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने शिक्कामोर्तब केलेलं आहे. अॅक्रिलामाइड १९९४ पासून तिच्या 'बहुधा कर्करोगकारक' यादीत आहे. ही यादी पुरावा किती पक्का आहे ते सांगते, धोका किती मोठा आहे ते सांगत नाही. बातम्यांमध्ये नेमका इथेच घोळ होतो. उंदरांना अॅक्रिलामाइडने कर्करोग झाला, पण त्यांना दिलेली मात्रा आपल्या खाण्यातल्या मात्रेच्या कितीतरी पट होती. माणसांवरच्या अभ्यासांत खाण्यातलं अॅक्रिलामाइड आणि कर्करोग यांचा ठाम संबंध दिसलेला नाही. बिडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात तर ते खाण्यापेक्षा धुरातूनच जास्त जातं.

काकांना हे फोनवर सांगितलं. भाकरी पुन्हा सुरू झाली.

२ डिसेंबर

तापमान मोजायची बंदूक आणली, ऑनलाइन ९५० रुपयांना. काळ्या लोखंडी तव्यावर ती बरोबर चालते. चकचकीत स्टीलच्या कढईवर मात्र आकडा फारच कमी दाखवते, कारण चमकदार धातू उष्णता नीट बाहेर टाकत नाही आणि बंदूक फसते. स्टीलचं भांडं मोजायचं असेल तर त्यात थोडं तेल घालून तेलावर धरावी. तळणीसाठी सुईचा थर्मामीटर वेगळा घेतला, ४०० रुपये.

पहिल्याच दिवशी एक गोष्ट लक्षात आली. मावशी मोठ्या शेगडीवर तवा ठेवून पीठ मळायला बसतात. पीठ मळून पहिली भाकरी थापून होईपर्यंत तवा ३०० च्या पुढे गेलेला असतो. पहिल्या दोन-तीन भाकऱ्या करपतात त्या यामुळे. पुढे भाकऱ्या टाकून टाकून तवा आपोआप खाली येतो. आता पीठ मळून झाल्यावरच तवा ठेवायचा. २३० ते २५० ला पहिली भाकरी टाकायची. बंदूक नसली तरी चालतं : चिमूटभर पीठ तव्यावर टाकायचं. ते हळूहळू तांबूस झालं तर तवा तयार, टाकताच काळं झालं तर आच कमी.

मावशींना हे सांगताना मला धाकधूक होती, त्यांचा हात माझ्यापेक्षा कितीतरी जुना. त्या म्हणाल्या, "ताई, डाग पडल्याशिवाय भाकरी भाजली कशी म्हणायची?" डाग हवाच. तांबूस हवा, काळा नको, एवढंच ठरवलं.

६ डिसेंबर

भाकरीचंच पुढे.

थेट आचेवर फुगवायचं बंद करून तव्यावरच फडक्याने दाबून फुगवून पाहिली. पोळीला जमतं, ज्वारीच्या भाकरीला नाही. पदर सुटला नाही आणि दुपारी डबा उघडेपर्यंत भाकरी वातड झाली. कळण्याच्या भाकरीचं तर विचारूच नका. दोन दिवसांत सोडून दिलं.

मग बारकाईने पाहिलं की डाग नेमके कुठे पडतात. तव्यावर भाकरी टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवतात. घाईत कडेला हात पोचत नाही, तिथे कोरडं पीठ पांढरं राहतं. आचेवर सगळ्यात आधी तेच जळतं, काळे ठिपके पडतात ते तिथे. आता भाकरी थापून झाली की तळहातावर दोनदा झटकायची आणि पाणी काठापर्यंत न्यायचं. प्रत्येक दोन-तीन भाकऱ्यांनंतर तवा कोरड्या फडक्याने पुसायचा, नाहीतर सांडलेलं पीठ जळून पुढच्या भाकरीला चिकटतं.

आणखी एक. भाकरीच्या पोटाला लागलेलं काळं बोटाने पुसलं तर पुसलं जात होतं. करपलेलं पुसलं जात नाही. ती काजळी होती. शेगडीची ज्योत पिवळी होती. बर्नर उतरवून गरम पाणी आणि सोड्यात भिजवला, भोकं सुईने मोकळी केली, ज्योत निळी झाली आणि काजळी थांबली. खर्च शून्य. हे सगळ्यात आधी करावं.

फुगवायला शेगडीवर जाळी ठेवली, ज्योतीपासून दोन बोटं वर. भाकरी टम्म फुगते आणि काळी होत नाही. जाळी ८० रुपये.

१२ डिसेंबर

काचऱ्या. मला वाटलं होतं हे सोपं जाईल, पण सगळ्यात जास्त वेळ यानेच खाल्ला.

आच मंद केली तरी कडा काळपट आणि मध्ये कच्चं. तेल बदललं, कढई बदलली, तेच. शेवटी बाजार समितीतल्या बटाट्याच्या व्यापाऱ्याने उलगडा केला. फेब्रुवारी-मार्चमध्ये काढलेला बटाटा वर्षभर शीतगृहात २ ते ४ अंशांवर ठेवतात. एवढ्या थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होत जाते. नोव्हेंबर-डिसेंबरात मिळणारा जुना बटाटा खाऊन पाहिला तर किंचित गोड लागतो. साखर जास्त, म्हणून तो पटकन तपकिरी होतो, आणि अॅक्रिलामाइडही जास्त होतं. वेफर्सवाल्यांचा बटाटा यासाठीच वेगळा असतो. तो १० ते १२ अंशांवर ठेवतात, आणि सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 'कुफ्री चिपसोना'सारखे कमी साखरेचे वाण खास त्यासाठी काढले आहेत. तो घेऊन पाहिला. डब्याच्या दरात परवडत नाही.

तर आहे त्या बटाट्याचं काय करायचं? चिरून अर्धा तास पाण्यात ठेवला. पाणी दुधाळ होतं, ते ओतून दुसरं पाणी. साखर आणि वरचं पिष्ट बरंच निघून जातं. पण ओला बटाटा तेलात टाकला की तेल उसळतं, तापमान धपकन खाली येतं, काचऱ्या तेल पितात आणि मऊ पडतात. पूर्ण घाणा वाया गेला. चाळणीत निथळून, मग जुन्या सुती साडीवर पसरून दुसऱ्या फडक्याने टिपल्या, तेव्हा जमलं. म्हणजे वेळ धरायचा तर भिजवायला अर्धा तास, वाळवायला वीस मिनिटं. सकाळच्या घाईत शक्य नाही. रात्री चिरून पाण्यात घालतो, पहाटे उठल्यावर पसरतो.

तेल १७५ च्या वर जाऊ द्यायचं नाही. युरोपात २०१७ च्या नियमानुसार फ्रेंच फ्राइजसाठीही हीच कमाल पातळी सांगितलेली आहे. आपण तळतो ते बऱ्याचदा १९० च्या पुढे. सोनेरी झालं की उतरवायचं. कढईतून काढल्यावरही रंग थोडा चढतो, हे धरून अलीकडेच काढायचं.

२९ डिसेंबर

बटाट्याचं पोतं मागे दोन आठवडे शीतगृहाबाहेर, अंधाऱ्या खोलीत पोत्यावरच पसरून ठेवलं होतं. ऊब मिळाली की बटाटा साठलेली साखर वापरून टाकतो. आजच्या काचऱ्यांचा रंग डोळ्यांना दिसण्याइतका उजळ आला. तोटा असा की काहींना कोंब फुटले, काही हिरवट झाले. ते काढून टाकावे लागले, कारण हिरव्या बटाट्यात सोलॅनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. पोत्यामागे तीनेक किलो गेले. तरी हे करण्यासारखं आहे. नवा बटाटा आला की गरजच उरणार नाही.

३० डिसेंबर

थालीपिठाचा नॉनस्टिक तवा रिकामाच आचेवर राहिला होता, बंदूक धरली तर काही मिनिटांत २९० वर. साधारण २६० च्या पुढे तो लेप विघटित व्हायला लागतो. तवा काढून टाकला, बिडाचा आणला, ८५० रुपये. थालीपीठ आठवडाभर चिकटलं, मग तवा मुरला.

५ जानेवारी २०२५

आज भरिताची मोठी ऑर्डर. पऱ्हाट्यांवरच, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवरच भाजायचं, त्याशिवाय आमच्याकडे भरीत म्हणत नाहीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याचा खरा गुण या भाजण्यातच कळतो : साल कोळशासारखी काळी, आत लोण्यासारखं पांढरं, बी नावाला.

काळी साल तर आपण काढूनच टाकतो. राहतात ते चिकटलेले कण. पूर्वी काही जणी सोललेलं वांगं नळाखाली धरायच्या. कण जातात, पण सोबत वांग्याला सुटलेला सगळा रस आणि धुराची चवही जाते. त्याऐवजी शेजारी पाण्याचं पातेलं ठेवलं. दोन्ही हात त्यात बुडवायचे, ओल्या बोटांनी साल देठाकडून खाली ओढायची, बोटांना लागलेलं काळं पातेल्यात धुवायचं, पुन्हा ओढायची. वांगं कोरडंच राहतं. पातेल्यातलं पाणी शाईसारखं झालं. वांग्यावर बारीक ठिपके उरले तेवढे राहू दिले. त्यांच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

खरी अडचण होती भाजणाऱ्यांची. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पऱ्हाट्या पेटवल्या की डोळे उघडवत नाहीत. दोन तास मावशी आणि माझी जाऊ त्यातच होत्या. चुलीसमोरच्या बाईला जेवणाऱ्या माणसाच्या अनेक पट धूर मिळतो, आणि तो थेट फुप्फुसात जातो. वांगी भाजणं आता उघड्या अंगणात. वारा पाठीमागून येईल अशा बाजूला उभं राहायचं, लांब दांड्याचा चिमटा वापरायचा, आणि आधी ज्वाळा बसू द्यायच्या. ओल्या पऱ्हाट्या आणायच्या नाहीत, त्या धुमसतात.

९ जानेवारी

पाचव्या तारखेपासून डोक्यात धूरच आहे, म्हणून गॅसच्या ओट्याकडेही वळले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार घरातल्या धुराने २०२० मध्ये जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. तो प्रामुख्याने लाकूड, शेणी, कोळसा यांचा धूर. आमच्याकडे गॅस आहे, पण २०१० मध्ये कर्करोग संशोधन संस्थेने कडक आचेवर तळताना निघणाऱ्या वाफांनाही 'बहुधा कर्करोगकारक' म्हटलं आहे. चीनमध्ये कधीच सिगारेट न ओढलेल्या बायकांना होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाशी या वाफांचा संबंध दिसला होता. आमच्याकडे फोडणी, तळण, मसाला भाजणं मिळून दिवसाचे पाच-सहा तास हेच चालतं. भाकरीच्या डागांवर घालवलेल्या दिवसांआधी हे करायला हवं होतं असं आता वाटतं. जो कुणी हे काम सुरू करेल त्याने इथूनच करावं.

एक्झॉस्ट फॅन आहे. खिडकीच्या वर, ओट्यापासून सहा फूट लांब. उदबत्ती पेटवून वेगवेगळ्या ठिकाणी धरली. फॅनजवळ धूर सरळ ओढला जातो. कढईवर धरली तर धूर वर जातो, छताला लागून सगळ्या खोलीत पसरतो आणि मावशींच्या तोंडावरून खाली येतो. फॅन शेजारच्याच उघड्या खिडकीतली ताजी हवा ओढून बाहेर टाकत होता. शेगडीवरची हवा जागची हलत नव्हती.

शेजारची खिडकी बंद केली आणि समोरचं मागीलदार उघडं ठेवलं. लगेच फरक पडला, कारण आता हवा दारातून येऊन ओट्यावरून फॅनकडे जाते. एकही रुपया न घालता.

१६ जानेवारी

पत्र्याचं काम करणाऱ्याकडून ओट्यावर धुराडं बसवून घेतलं. पहिलं त्याने चार फूट वर लावलं, डोक्याला लागू नये म्हणून. उदबत्ती धरली तर अर्धा धूर कडेने निसटत होता. खाली घेऊन शेगडीपासून अडीच फुटांवर आणलं आणि पुढची कड मावशींच्या उंचीच्या हिशेबाने तिरकी कापली. फॅन तिथेच, धुराड्याच्या तोंडाशी सरकवला. पत्रा आणि मजुरी ३,४०० रुपये, फॅनची वायरिंग ३००. दोनदा बसवण्यात तीन दिवस गेले, एका दिवसाचे डबे बंद ठेवावे लागले, ते नुकसान वेगळं.

मिरच्यांची फोडणी दिली तेव्हा बैठकीत बसलेल्या आईंना ठसका लागला नाही. हे पहिल्यांदाच.

धुराड्याच्या आत तेलाचा थर बसतो. तो पेट घेऊ शकतो आणि ठिबकून कढईतही पडतो. दर सोमवारी गरम पाणी आणि सोड्याने पुसायचा.

१९ जानेवारी

तळणीचं तेल. १ जुलै २०१८ पासून देशात नियम आहे : तेलातले एकूण ध्रुवीय घटक (तेल पुन्हा पुन्हा तापून बिघडतं तसे ते वाढतात) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खाण्याच्या कामाचं नाही. मोजायचं यंत्र आम्हाला परवडणारं नाही. तेल दाट झालं, फेस बसेना, किंवा नेहमीपेक्षा कमी आचेवर धूर सुटला की ते काढायचं. बेसनाचा चुरा तळाशी जळत राहतो आणि तेलाला तोच लवकर खराब करतो, म्हणून तळण झालं की कोमट असताना मलमलच्या फडक्यातून गाळतो. जुन्यात नवं ओतायचं बंद केलं. तेलाचा खर्च महिन्याला साधारण ७०० रुपयांनी वाढला.

२६ जानेवारी

कोळशावरच्या चिकनची ऑर्डर, पंधरा किलो. भाकरीपेक्षा इथे काळजी जास्त घ्यायला हवी हे आता माहीत होतं.

चामडी आणि चरबी काढून घेतली, म्हणजे निखाऱ्यावर गळायला काही उरत नाही. दही, आलं-लसूण, हळद, लिंबू लावून रात्रभर ठेवलं. मसाला लावलेल्या मांसात भाजताना होणारी ती घातक रसायनं कमी होतात असं प्रयोगांत दिसलं आहे. गोड काही घालायचं नाही, साखर आधी जळते. मग मोठ्या पातेल्यात झाकून दहा मिनिटं वाफवलं. पाणी सुटतं त्यात बरंचसं क्रिएटिन निघून येतं, आणि कोळशावर राहायची वेळ अर्ध्यावर येते. ते पाणी फेकलं नाही, रश्श्याला वापरलं. त्याला पुन्हा कोरडी कडक आच लागत नाही, त्यामुळे हरकत नाही.

निखारे एका बाजूला लोटले आणि तुकडे दुसऱ्या बाजूला. सारखे उलटत राहायचे. एका बाजूवर भाजत ठेवलं की तिथे तापमान चढतं. पहिल्या फेरीत मसाला निखाऱ्यात पडून भडका उडाला, कारण दही जास्त होतं. दुसऱ्या फेरीपासून लावलेलं निथळून मगच जाळीवर. तरी टोकं काळी झालेले काही तुकडे होते, ती टोकं कात्रीने कापून टाकली. ती कुणाच्याच ताटात गेली नाहीत.

यजमानांना रंग फिका वाटला. चवीबद्दल तक्रार नव्हती, पण "चुलीवरचं दिसत नाही" म्हणाले. मी कारण सांगितलं. पुढची ऑर्डर देतील का ते बघू.

३ फेब्रुवारी

काळा मसाला. इथे माझं अडलंय.

शेवभाजीला तोच रंग, तीच चव लागते, आणि ती खोबरं-कांदा खोल भाजल्याशिवाय येत नाही. थेट आचेवर धरलेली खोबऱ्याची वाटी पेटते, तेल ठिबकतं आणि काळा दाट धूर सुटतो. वाटी किसून, जाड बिडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत भाजलं. रंग गडद चॉकलेटी आला, काळा नाही. धूर जवळपास नाही. पण एका किलोला पाऊण तास लागतो, आधी दहा मिनिटांत व्हायचं. कांदाही कापून, तेलाच्या थेंबावर, तसाच. रश्श्याचा रंग एक छटा उजळ दिसतो. डबा घेणाऱ्यांपैकी एकाने विचारलं, "मसाला बदलला का?" बाकी कुणी काही म्हणालं नाही. आईंनी चाखून सांगितलं की धण्याचं प्रमाण थोडं वाढव, खमंगपणा भरून निघेल. वाढवलं, बराच फरक पडला.

हा मसाला आता महिन्यातून एकदाच, दुपारी, धुराडं सुरू ठेवून करतो.

१० फेब्रुवारी

हिशेब. बंदूक, सुई, जाळी, बिडाचा तवा, धुराडं, वायरिंग मिळून ५,९८० रुपये. तेलाचे महिन्याचे ७०० वरचे. काचऱ्यांमुळे सकाळी रोजचा वीस मिनिटांचा व्याप वाढला. गॅस मात्र थोडा वाचतोय, कारण तवा रिकामा तापत नाही.

परत एकदा आठवडाभर परात ठेवली. भाकऱ्या तुरळक, काचऱ्या मूठभर, खोबरं नाही. ज्या दोन-तीन भाकऱ्या जास्त भाजल्या त्यांचा काळा भाग मावशींनी सुरीने खरवडून काढला आणि बाकीची भाकरी चौघींनी वाटून घेतली.

नवा बटाटा बाजारात आलाय. या आठवड्यात न भिजवता आणि भिजवून, दोन्ही तऱ्हेच्या काचऱ्या शेजारी शेजारी तळून रंग बघायचाय. फरक नसेल तर पहाटेचं ते वाळवणं उन्हाळ्यापुरतं बंद.